सातव्या टॅबला

बाबांनी टॅबची कळ सात वेळा दाबली, दर दाबाला पानावरचा एक दुवा पुढे, मग एंटर. संगणकातला आवाज म्हणाला, "संपर्क."

त्यांचं बोट कळेवरच थांबलं. दृष्टी गेल्यापासून नऊ वर्षं सातव्या टॅबला त्यांना बोलकी पुस्तकं सापडत आली होती. ग्रंथालयाची ती वेबसाइट लेकीनेच बांधलेली, एका जुन्या फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे तयार सांगाड्यावर. त्याची खोड न खोड तिला ठाऊक होती. ऑफिसातल्या पोरांना मात्र आता सगळं नव्या फ्रेमवर्कमध्ये हवं होतं. दोन वर्षं ती नाही म्हणत होती.

"जुनं ते सोनं, मान्य आहे ताई," कालच एकजण म्हणाला होता. "पण सोनंही मोडून नवा दागिना करतातच की."

सगळे हसले, तीही हसली. सात टॅबबद्दल ती कुणाशीच बोलली नव्हती. उद्या काय ते शेवटचं सांगायचं होतं, म्हणून नव्या वेबसाइटचा नमुना तिने न सांगताच बाबांपुढे ठेवला होता.

"बदललंस होय?"

"अजून नाही. उद्या नको म्हणून सांगते."

"थांब जरा." ते पहिल्यापासून मोजू लागले. घड्याळं दुरुस्त करायचे तेव्हा बसत तसे, ओठ मिटून. "हं. अकराव्याला आहे."

"म्हणजे चार जास्त."

"चार कळांनी काय माझं बोट झिजतंय?" त्यांनी खिशातून फोन काढला, तोंडाजवळ नेला आणि एका पुस्तकाचं नाव घेतलं. पुस्तक सुरू झालं. तिसऱ्या प्रकरणाच्या मध्यापासून.



"हे कधीपासून?"

"झालं की वर्ष. शेजारच्या मास्तरीणबाईंनी शिकवलं."

"मग ते सात टॅब?"

"तू आलीस की दाबतो." त्यांनी फोन बंद करून खिशात ठेवला. "दर रविवारी विचारतेस ना, नीट चालतंय का म्हणून."

तिने त्यांच्या शर्टाच्या खिशाचं बटण लावलं. ते आधीच लावलेलं होतं. काढून पुन्हा लावलं.

दुसऱ्या दिवशी तिने होकार दिला.

"ताई, तब्येत बरी आहे ना?" सोनं मोडायचं म्हणणारा तोच म्हणाला.

तिने नमुन्यावर एकच दुरुस्ती लिहून दिली: बोलकी पुस्तकं सातव्या टॅबला हवीत.

"सातव्यालाच का?"

"तपासणारं एक माणूस आहे माझ्याकडे," ती म्हणाली. "दर रविवारी."