जोफायची झीलकरीण

तेनिंग सेकची गाडी जोफायच्या वेशीशी थांबली, तशी पोरंटोरं, म्हातारेकोतारे, कडेवरच्या लेकरांसकट बाया, सगळं गाव रस्त्यावर आलं. येणारच! जिचा आवाज डाकारच्या टॅक्सीत, फातिकच्या न्हाव्याकडे, पार पॅरिसातल्या आपल्या लोकांच्या स्वयंपाकघरात वाजतो, ती बाई आमच्या गावची. मयताला, बारशाला ती येऊन जायची. पण कुस्तीच्या मैदानात गायला? बेचाळीस वर्षांत एकदाही नाही.

कारण साधं होतं. आमच्याकडे पैलवानाचं गाणं दोघींचं असतं. एक ओळ उचलते, दुसरी झील धरते. तेनिंग आणि सोंबेल बारा वर्षांच्या होत्या, तेव्हा तेनिंगच्या आईनंच वाटणी करून टाकली होती. सोंबेलला ओळ, तेनिंगला झील. पोटच्या पोरीला मागे आणि शेजारणीच्या पोरीला पुढे! तेनिंगला ते जे लागलं, ते लागलंच. एकोणिसाव्या वर्षी ती शेंगांच्या ट्रकवर चढली आणि डाकारला पळाली. तिथं दोन वर्षं एका वाद्यवृंदात मागे उभी राहिली, मग एके दिवशी पुढची गायिका रुसून बसली, तेनिंगनं माईक घेतला आणि तो परत म्हणून दिला नाही. बावीस कॅसेटी निघाल्या. मंत्री उठून उभे राहिले. आणि जोफायमध्ये म्हणायचे काय? "काल आपली झीलकरीण टीव्हीवर आली होती बरं का!"

म्हणून, डाकारजवळच्या पिकिनच्या, 'पाणघोडा' म्हणून गाजलेल्या पैलवानाची कुस्ती जोफायच्या लातिर फायशी ठरलीय आणि पाणघोड्याला गाणारी हवीय, असं कुस्त्या भरवणाऱ्या बादारा ठेकेदारानं सांगितल्याबरोबर ती हो म्हणाली. आपल्याच गावच्या वाळूत, आपल्याच माणसांसमोर, एकदा तरी ओळ आपण उचलायची. सोंबेलनं ऐकायची. बस्स, एवढ्यासाठी ती आली होती.

सोंबेल दारात शेंगा सोलत बसली होती. उठली नाही.

"आलीस? बैस. जाड झालीस गं."

"आणि तू वाळून काडी झालीस."

"मी काम करते ना, बाई." सोंबेलनं मूठभर शेंगा तिच्या ओच्यात टाकल्या. "बरी वेळेवर आलीस. माझी सून बाळंतपणाला माहेरी गेलीय, झील धरायला कुणी नाही. लातिर म्हणजे फाय घराणं. त्यांचं गाणं तुझ्या आईनंच बांधलेलं. येतंय ना अजून?"

"मी त्या बाजूची आहे, सोंबेल. आज ओळ मी उचलणार."

"उचल की! तोंड तुझं, माईक तुझा. झील कोण धरणार?"

"मला लागत नाही. मी कुणाची धरत नाही आणि मला कुणाची लागत नाही."

"ठाऊक आहे. टीव्हीवर बघतो ना आम्ही. एकटीच ओरडत असतेस."

शेंगा तिथंच ठेवून तेनिंग ताडताड निघून गेली.

चार वाजता ढोल सुरू झाले. एका हातात काठी, दुसरा हात चामड्यावर, असे नऊ ढोलकरी! माणूस मावेना. पोरं चिंचेवर चढली. दंडाला ताईत बांधून, डोक्यावर दुधाचं भांडं उपडं करून पाणघोडा मैदानात उतरला आणि तेनिंगनं ओळ उचलली. काय तो आवाज! एकसष्ट वर्षांची बाई, पण पहिल्याच ओळीला चिंचेवरची पोरं खाली उड्या मारून नाचायला लागली. जोफायचीच पोरं, आणि शत्रूच्या गाण्यावर! बादारा टोपी उडवत होता. फक्त समोरच्या चटईवर जोफायच्या बाया हाताची घडी घालून बसल्या होत्या. तेनिंगनं त्यांच्याकडे बघून आणखी वर सूर नेला. घ्या म्हणावं!

गाणं संपलं. मग सोंबेल उठली. माईक नाही, काही नाही. पदर कमरेला खोचला आणि तिनं फाय घराण्याची ओळ उचलली, तेनिंगच्या आईनं बांधलेली.

ओळ संपली आणि सोंबेल गप्प झाली. ढोल थांबले. चटईवरच्या पन्नास बायांपैकी एकीनंही तोंड उघडलं नाही. सोंबेल म्हातारीनं सगळ्यांना आधीच दटावून ठेवलं होतं, दुसरं काय!

ज्या घराण्याच्या ओळीला झील मिळत नाही ते घराणं बुडालं, असं आमच्याकडे मानतात. वाळूत उभ्या असलेल्या लातिरचा चेहरा खर्रकन उतरला. तेनिंगनं दात घट्ट आवळले. नाही म्हणजे नाही. आपण पाणघोड्याच्या बाजूच्या. शब्द दिलाय. शिवाय बेचाळीस वर्षं...

पण गळा कुणाचं ऐकतो होय? आतून आईचे शब्द असे उसळले की तेनिंगलाच कळलं नाही, आपण कधी तोंड उघडलं. झील मैदानभर घुमली.

आणि जोफाय फुटलं! बाया किंचाळल्या, ढोल कोसळले, एका आजोबांनी काठी फेकून दिली. तेनिंग वाळू तुडवत निघाली थेट सोंबेलकडे.

"काकू! अहो काकू! आपला पाणघोडा इकडे आहे!" बादारा मागून धावला.

"हे धर," म्हणून तिनं माईक त्याच्या हातात कोंबला.

सोंबेल ओळ फेकायची, तेनिंग झेलायची. ती संपायच्या आत ही हजर, फट म्हणून नाही. लातिर दोन पुरुष उंच उड्या मारायला लागला. आज पाणघोड्याची धडगत नाही, असं कुणीही सांगितलं असतं.

कुस्ती पाच मिनिटंही चालली नाही. पाणघोड्यानं लातिरची कंबर धरली, उचलला आणि आपटला. चितपट.

गाण्यानं कुस्ती जिंकता आली असती, तर जोफाय केव्हाच देशाची राजधानी झालं असतं. पण नाही जिंकता येत. मग पाणघोडा, म्हणजे मोदू, घाम निथळत तेनिंगपुढे येऊन उभा राहिला. गुणी पोर, मान खाली घालून म्हणाला, "आत्या, माझं विजयाचं गाणं तेवढं..."

आता आली पंचाईत. जिंकणाऱ्याची ओळ त्याच्या गाणारीनं उचलायची आणि झील हरलेल्या गावानं धरायची, हा रिवाज. म्हणजे ओळ तेनिंगची आणि झील सोंबेलची. ज्यासाठी आली होती तेच पदरात पडलं होतं, आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बघतेस काय?" सोंबेल खेकसली. "उचल! हरलोय आम्ही, मेलो नाही."

तेनिंगनं ओळ उचलली. सोंबेलनं झील धरली. आणि चुकली! अर्धी मात्रा उशिरा आली, शब्द ढोलाखाली चिरडले गेले. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. दुसऱ्या ओळीला सोंबेल घाईघाईनं आधीच घुसली. तिसऱ्या वेळी श्वासच कुठं घ्यायचा ते तिला कळेना, नुसता आ वासला.

"अगं!" भर मैदानात, भर गाण्यात सोंबेल ओरडली, "हे अवघड आहे गं!"

"मग?"

"तुझ्या आईनं मला सोपं दिलं होतं की! मेली माझ्यावर भरवसाच नव्हता तिचा! आणि तू एवढी वर्षं बोलली नाहीस?"

तेनिंग बोलणार काय, कपाळ! तिला तरी कुठं ठाऊक होतं? मग तिला हसू फुटलं, आणि हसता हसता रडूही, आणि दोन्ही थांबेनात. मोदू बिचारा हात वर करून तसाच उभा.

"श्वास माझ्याबरोबर घे," तेनिंग डोळे पुसत म्हणाली. "माझ्या तोंडाकडे बघ. ढोलाकडे बघू नकोस."

तिनं ओळ पुन्हा उचलली, आणि शेवटचा सूर सोंबेल येईपर्यंत लांबवून धरला.