कुंकवाखालची चीर

मित्रांनो, भाईंदर पूर्वेला भंगारवाल्याच्या आवारात आडवी पडलेली मी एक जुनी स्टीलची टाकी आहे. आता बोलायचंही जिवावर येतं, पण तुम्ही ऐकताय म्हणून सांगते.

एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी साली उत्तम नावाच्या वेल्डरने मला जोडलं. हात चांगला होता त्याचा. पण वेल्डिंगच्या आचेने जोडाजवळचा पत्रा काळानिळा पडतो, आतून ताणलेला राहतो. तोच आमचा नाजूक भाग. तो नीट साफ करायला हवा होता; पण दसऱ्याचा मुहूर्त गाठायचा होता, म्हणून ते राहूनच गेलं.

रंगाच्या कारखान्यात मी वर्षानुवर्षं गरम आम्ल पोटात बाळगलं. राघो माझ्यावर देखरेख करी, त्याची बायको दुर्गा साफसफाई करी. दर दसऱ्याला ती मला घरच्या पितळेसारखी लिंबू-मिठाने घासायची. नळाला पाणी बेताचंच, म्हणून नुसत्या ओल्या फडक्याने पुसायची आणि जोडावर हळदकुंकू लावायची. ते वर्षभर पुसायचं नाही, अशी तिची श्रद्धा. सगळे म्हणायचे, "काय चकाकतेय!" खोटं कशाला बोलू, मी सुखावायचे. पण कुंकवाखाली राहिलेलं मीठ माझ्याच उबेने मला कुरतडत होतं.

एकदा राघोला तिथे तांबूस ओघळ दिसला. "शेठ, जोडाजवळ काहीतरी गळतंय वाटतं."

"अरे, वो कुंकू है! स्टील को कभी जंग लगता है क्या?" शेठ हसले.

राघोने पुसायला फडकं घेतलं, तर दुर्गाच म्हणाली, "अहो, हात नका लावू. पूजेचं आहे ते."

राघो मागे सरला. मला ओरडावंसं वाटत होतं, पण टाकीला कुठला आवाज?

काही दिवसांनी तो खाली वाकून माझ्या नळाचा कॉक फिरवत असताना माझा जोड तिथेच चिरला. आम्ल उडून त्याचा डावा डोळा गेला. नंतर दुर्गाने पदराने ते कुंकू पुसलं. खाली केसाएवढी चीर होती. मित्रांनो, दुर्गाची माया खरी होती, म्हणूनच मला जास्त वाईट वाटतं.

पुढच्या दसऱ्याला मी कारखान्याच्या कोपऱ्यात पडून होते. वस्तूंना सजवा, पण आधी त्यांचं दुखणं बघा, एवढंच मला सांगायचं आहे. त्या दिवशी दुर्गाने लांबून हंडे आणून नवी टाकी साध्या पाण्याने स्वच्छ धुतली. राघो उरलेल्या डोळ्याने जोड न्याहाळत राहिला, बोटाने चाचपत राहिला.

मग म्हणाला, "हं, लाव आता कुंकू."