साडेनऊ इंच

सरळ उभ्या असलेल्या कुठल्याही गोष्टीवर माझा चटकन विश्वास बसत नाही. मला घडवलंच तसं आहे. मी गवंड्याचा ओळंबा. दोरीच्या टोकाला लोंबणारं पितळेचं वजन आणि वर माझ्याच रुंदीची लाकडी चकती, एवढाच माझा संसार. चकती भिंतीला टेकवायची, मला खाली सोडायचं आणि मी हलायचा थांबलो की बघायचं. भिंत खरी उभी आहे की नुसती तशी दिसतेय, ते मी सांगतो.

१९९१ साली कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका लेथवर माझा जन्म झाला. पेठ वडगावचे मीरासाब गवंडी दुकानात आले आणि त्यांनी एकामागून एक चार ओळंबे दुकानाच्या चौकटीला लटकवून पाहिले. प्रत्येकाला अर्धा वळसा देऊन पुन्हा पाहिलं. फिरवल्यावरही ज्याचं टोक त्याच जागी राहील तो खरा, असं त्यांचं म्हणणं. माझं राहिलं, म्हणून मी त्यांचा झालो. दुकानदार मात्र जरा दुखावला होता.

मीरासाब सगळ्यांवरच असा संशय घेत. वाळू दातांखाली धरून बघत. वीट विटेवर आपटून तिचा आवाज ऐकत. वारा असला की मला पाण्याच्या बादलीत बुडेल असं लटकवत, कारण पाण्यात मी लवकर शांत होतो. घाईत घेतलेलं माप ते मापच मानत नसत.

त्यांच्या बायको सलमाभाभी दहावी शिकलेल्या, घरी शिवणकाम करायच्या. रविवारच्या पेपरात बांधकामावर एक सदर यायचं. सिमेंटची पोती जमिनीवर ठेवू नका, विटा भिजवल्याशिवाय लावू नका, असले उपयोगी सल्ले त्यात असायचे आणि खाली चौकटीत जगातल्या एखाद्या विचित्र इमारतीचं चित्र. बुटाच्या आकाराचं घर, प्राग शहरातली नाचताना वाकल्यासारखी इमारत, इटलीतला कलता मनोरा. भाभी ती कात्रणं कपाटाच्या दाराला आतून चिकटवायच्या आणि जेवताना नवऱ्याला वाचून दाखवायच्या. कलत्या मनोऱ्याखालची माती एका बाजूला मऊ आहे, नव्वद साली तो लोकांना बंद केला आणि उचललेल्या बाजूला शिशाची वजनं ठेवली, हे मीरासाबांनी दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, पेपरवाला तिथं जाऊन बघून आलाय का.

आणि नेमका तोच मनोरा वडगावात आला. खताचे व्यापारी चनबसाप्पा मंगल कार्यालय बांधणार होते. बेळगावच्या पाहुण्यांनी दिलेल्या कॅलेंडरवर त्यांनी तो पाहिला आणि त्यांच्या डोक्यात बसला. समोरची भिंत सोळा फूट उंच आणि वरून बाहेर कललेली पाहिजे, म्हणाले. कोल्हापूरच्या इंजिनिअरने नकाशा काढून दिला. तळापासून माथ्यापर्यंत नऊ इंचांचा कल, आत तिरके खांब. मीरासाबांनी सरळ भिंत सुचवून पाहिली, पण आप्पा ऐकेनात.

"सरळ भिंती वडगावात सगळ्यांच्याच हायत," ते म्हणाले.

शहाण्णव साली ती भिंत उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा मी भिंतीपासून लांब लोंबत राहिलो आणि तेच बरोबर होतं. प्रत्येक थराला मीरासाब मला सोडत आणि दोरी ते भिंत हे अंतर पट्टीने मोजत. माथ्यापर्यंत पोचलो तेव्हा खाली बरोबर नऊ इंच भरले. लोक पाहायला यायचे. भिंतीखालून आत जाताना मान वर करायचे आणि हसायचे.

अठ्ठ्याण्णवच्या फेब्रुवारीत आप्पांनी मीरासाबांना बोलावलं. समोरच्या भिंतीचा उत्तरेकडचा कोपरा आणि बाजूची भिंत यांच्यामध्ये प्लास्टरला केसाएवढी चीर पडली होती. मे महिन्यात आप्पांच्या मुलीचं, दानेश्वरीचं लग्न याच कार्यालयात होतं. चीर बुजवून रंग मारून दे, एवढंच काम होतं.

मीरासाबांनी थापी पिशवीतून काढलीच नाही. मला काढलं. शिडी लावून माथ्यावरून सोडलं, बादली ठेवली, मी शांत होईपर्यंत बिडी ओढली. मग पट्टी लावली. साडेनऊ इंच भरले.

त्यांनी मला अर्धा वळसा देऊन पुन्हा मोजलं. तरी साडेनऊच. दुसऱ्या दिवशी ते एका ओळखीच्या गवंड्याचा ओळंबा मागून घेऊन आले. सात वर्षांच्या सोबतीनंतर माझ्यावर संशय. मला वाईट वाटलं नाही, मीही तेच केलं असतं. त्या ओळंब्यानेही साडेनऊच दाखवले.

आप्पांचा मुलगा वीरेश कार्यालयाचं सगळं बघायचा. तो म्हणाला, भिंत मुळातच वाकडी आहे, मग ती आणखी वाकडी झाली हे कशावरून. पहिलंच माप चुकलं असेल. बोलणं अगदीच वेडगळ नव्हतं. सरळ भिंत कलली तर आंधळ्यालाही दिसते, पण मुद्दाम कललेली भिंत आणखी किती कलली, हे कोण ओळखणार? नंतर वीरेश बाजारात सांगत फिरला की मागच्या गोदामाचं काम दुसऱ्याला दिलं म्हणून मीरासाब डूख धरून आहेत.

घरी मीरासाब जेवता जेवता थांबायचे. इंजिनिअरने नकाशात गफलत केली असेल, सळई हलकी आली असेल, वीरेशनेच कुठंतरी काहीतरी तोडलं असेल. भाभी ऐकून घ्यायच्या. एकदा त्यांनी विचारलं की भिंतीच्या पायात काही झालं असेल का. मीरासाब म्हणाले, पायाला काय धाड भरलीय, आणि ताटावरून उठले. त्या कोपऱ्याबद्दल मला एक गोष्ट ठाऊक होती. पण ओळंब्याला कुणी सोडल्याशिवाय सांगता येत नाही.

उपाय भाभींच्या कात्रणांत निघाला. चिरेवर आडवी काचेची बारीक पट्टी ठेवायची आणि दोन्ही टोकं प्लास्टरने पक्की करायची. काच ताणत नाही. भिंत जराशी सरकली तरी ती तडकते. मीरासाबांनी तसबिरी करणाऱ्याकडून पट्टी कापून आणली आणि लावली. तिसऱ्या दिवशी ती फुटलेली मिळाली. वीरेश सरळ म्हणाला, यांनीच फोडली.

मीरासाबांनी वाद घातला नाही. त्यांनी आप्पांना स्वतःच्या हाताने दुसरी काच लावायला सांगितली. आप्पांनी ती लावली, तिच्यावर शाईने तारीख घातली, बाहेरून फाटकाला कुलूप लावलं आणि किल्ली कनवटीला खोचली. रोज सकाळी स्वतः जाऊन बघू लागले.

आठ दिवस काच शाबूत राहिली. वीरेश मीरासाबांना रस्त्यात बघून हसायचा. नवव्या दिवशी कार्यालयात कुणाचा तरी साखरपुडा झाला, पाचशे माणसं जेवली, भांडी घासायच्या चौथऱ्यावर टँकरभर पाणी ओतलं गेलं. पाहुणे गेल्यावर आप्पांनी काच पाहिली आणि पुन्हा कुलूप घातलं. काच तेव्हाही धड होती. दोन दिवसांनी सकाळी ते मीरासाबांच्या दारात उभे. काच मधोमध तडकली होती. तारखेचे दोन तुकडे झाले होते. कुलूप जसंच्या तसं होतं.

आणि माणसाचं मन बघा. भिंतीकडे बघायच्या आधी आप्पांना दुसऱ्या किल्लीची आठवण झाली. ती वीरेशकडे होती. बापाने पोराला सगळ्यांसमोर विचारलं. वीरेशचं तोंड उतरलं. महिनाभर दुसऱ्याला जे विचारत होता त्याचंच उत्तर आता त्याला द्यावं लागत होतं.

"त्यानं न्हाय फोडली, आप्पा," मीरासाब म्हणाले. "कोपरा उकरूया."

चौथऱ्याचं सांडपाणी नेणारा पाइप त्या कोपऱ्याजवळून जात होता. तीन फुटांवर त्याचा सांधा उघडा पडलेला मिळाला. खालची काळी माती मळलेल्या कणकेसारखी मऊ झाली होती. ओली झाली की फुगते, वाळली की आकसते, अशी ती माती. वर्षभर भिंतीला ती हळूहळू हलवत होती. सगळ्यांना हायसं वाटलं. पाइप बदलला की झालं, असं वीरेश म्हणालाही.

पण मीरासाब खड्ड्यातून वर येईनात. त्यांनी मला खाली सोडलं आणि आप्पांना पट्टी धरायला सांगितली. नकाशात पाया साडेपाच फूट होता. इथं चारच फुटांवर संपत होता. काळ्या मातीखालच्या कठीण मुरुमाला तो टेकलाच नव्हता.

आप्पा इंजिनिअरच्या नावाने बोलू लागले. मीरासाबांनी त्यांना थांबवलं.

"नकाशा बरोबर हाय. हे मी केलंय. त्या दिवशी खड्ड्यात पाणी लागलं, मिक्सर भाड्यानं आणून उभा केलेला. दीड फुटानं काय हुतंय, म्हटलं, आणि भरून घेतलं."

तेव्हाही खोली मोजायला मलाच सोडलं होतं. चार फूट. मी सांगितलं होतं, त्यांनी ऐकलं होतं आणि दोरी गुंडाळून ठेवली होती. या दोन वर्षांत त्यांनी वाळूवर, सळईवर, इंजिनिअरवर, माझ्यावर संशय घेतला. त्या दीड फुटावर मात्र घेतला नाही; भाभींनी पायाचं नाव काढताच ताटावरून उठले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

आप्पांनी पट्टी खाली ठेवली. मग एवढंच विचारलं, "भिंत पडंल का?"

"आज न्हाय. कधी, ते मला सांगता येत न्हाय. म्हणून उतरवूया."

बारा दिवस मीरासाब स्वतःची भिंत माथ्यापासून वीट-वीट उतरवत होते. बघणारे कमी नव्हते, बोलणारे तर त्याहून जास्त. पुढचे चार महिने त्यांना गावात एकही काम मिळालं नाही. रात्रंदिवस भाभींचं मशीन चालायचं.

दानेश्वरीचं लग्न ठरल्या दिवशीच झालं, समोर भिंत नसलेल्या कार्यालयात. रस्त्यावरून जाणाऱ्यालाही नवरा-नवरी दिसत होती. मीरासाब मागे, रस्त्याच्या कडेला उभे होते. दानेश्वरीने निरोप पाठवला की मीराचाचा पुढं आल्याशिवाय अक्षता पडणार नाहीत. ते मान खाली घालून आले. मी त्यांच्या खिशात होतो. त्यांचा हात माझ्याभोवती घट्ट आवळलेला होता.

नवी भिंत बांधायचं काम आप्पांनी दुसऱ्या गवंड्याला दिलं. पाया मुरुमापर्यंत गेला, पाइप लांबून नेला, भिंत मात्र पुन्हा नऊ इंच कललेलीच. मीरासाबांनी त्याबद्दल तक्रार केली नाही. भिंत पुरी झाली त्या दिवशी आप्पा घरी आले आणि दारातूनच म्हणाले, "महिन्यातनं एकदा येऊन मोजून जायचं, मी जिवंत असंपर्यंत." बांधायला विश्वास उरला नव्हता. तपासायला मात्र मीरासाबांइतका भरवशाचा माणूस त्यांना दुसरा मिळेना.

आता २००८ साल चाललंय. मीरासाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. मुलगा नौमान भिंतीवर लाल रेघ पाडणारं यंत्र वापरतो. चांगलं यंत्र आहे, पण त्याचा सेल उतरत आला की काय होतं, हे मी अजून बघतोय. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी नौमान शिडीवर चढून मला सोडतो, भाभी खाली पट्टी धरतात आणि वाचतात, "नऊ." मीरासाब म्हणतात, "पुन्ना बघ." त्या बघतात.

माझी दोरी तीनदा बदलली, टोक झिजून बोथट झालं. लवकरच मीही भरवशाचा राहणार नाही आणि तेव्हा मला बाजूला ठेवलं तर माझी तक्रार नसेल. माझं मागणं एवढंच आहे. तुम्ही ज्या भिंतीखालून रोज ये-जा करता, ती शेवटची कधी मोजली, हे एकदा विचारा. मोजायची काय गरज, असं कुणी म्हणालं, तर त्याच्याशी बोलताना चार पावलं मागं सरून उभे राहा.