पाण्याबाहेर काढलेला डोंगा

मित्रांनो, मी एक जुना डोंगा आहे. मला होडी म्हणू नका. होडी तर तुम्ही वहीच्या कागदाचीही करता. मी मोहाच्या अख्ख्या खोडातून कोरलेला आहे. धानोऱ्याकडच्या एका गावात, तलावाच्या पाळीवर डोमाचं घर आहे. त्याच्या सपरीत, म्हणजे घरापुढच्या पडवीत, मी पडून असतो.

मला डोमाच्या वडिलांनी घडवलं. पुढे डोमाने जन्मभर माझ्यात उभं राहून जाळं फेकलं. "डोमाचा डोंगा गेला का पाण्यात?" असं बायाबापड्या विचारायच्या, मगच मसाला वाटायला घ्यायच्या. त्या वेळी मी फार तोऱ्यात असायचो. काम नसलं की डोमा माझ्यात दगड भरून मला काठाशी बुडवून ठेवायचा. आम्हा डोंग्यांना पाण्यातच आराम मिळतो. कोरड्यात आम्ही तडकतो.

मागच्या उन्हाळ्यात डोमाला चक्कर आली आणि त्याला गडचिरोलीच्या दवाखान्यात ठेवलं. त्याचा मुलगा स्वप्निल नागपूरहून धावत आला. तो पाचवीपासून वसतिगृहात वाढलेला. बापाचा डोंगा बुडालेला पाहून त्याचा जीव कळवळला. चार माणसं लावून त्याने मला बाहेर काढलं, पुसलं आणि सपरीत ठेवलं. डोमा घरी आला तोवर मी टोकापासून टोकापर्यंत फाटलो होतो.

"पोराले काऊन काई बोलला नाई?" शेजारच्या बायनाबाईने विचारलं.

"त्यानं मायेनं केलं न," डोमा म्हणाला. "त्याले का बोलू?"

यंदा सव्वीस जानेवारी सोमवारी आली, म्हणून शनिवारपासूनच घर भरलं. कोरपन्याहून लेक प्रेमिला आली, स्वप्निल गाडी घेऊन आला. शेवटच्या दुपारी वांगे-झिंगे आणि भात खाऊन सगळे अंगणात उन्हाला बसले. कुणी बोरं खात होतं, कुणी आडवं झालं होतं. कुणालाच घाई नव्हती.

"बा, आज तू माह्यासंग नागपूरले चाल," स्वप्निल म्हणाला. "तुले काईच कराचं नाई. नुसतं बसून राह्याचं."

"गोळ्याबी टायमावर भेटतीन," प्रेमिला म्हणाली.

"तलाव नाई दिसला त मले झोप नाई येत," डोमा हळूच म्हणाला.

सगळे हसले. मग डोमाही हसला. तो हसला म्हणजे तयार झाला, असं सगळ्यांनी धरलं आणि प्रेमिला त्याचे कपडे भरायला उठली.

माझा जीव तुटत होता, पण लाकडाचं कोण ऐकणार? त्यांच्यात एकही वाईट माणूस नव्हता, हेच माझं दुःख आहे. वाईट माणसाशी डोमा भांडला असता.

निघताना स्वप्निलने माझ्यावर नवी ताडपत्री टाकली. "आता याले काई होत नाई, बा," तो म्हणाला. मग गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. डोमा परत येईल अशी आशा मी ठेवलेली नाही. सुकत जाणं म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे.

मित्रांनो, कुणाला जपायला निघालात तर आधी त्याला विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. मला विचारणं कुणाला जमलं नसतं, मी लाकूड. डोमा तर तीन दिवस त्यांच्यातच बसला होता.