एकाला डबा, एकाला खोकी

मी होम थेटरचा रिसिव्हर बोलतोय. मी नरडं मोकळं केलं की वाटूर फाट्यावर थांबलेल्या एसटीच्या काचा थरथरतात! बरं, खोटं कशाला बोलू. गेल्या दोन वर्षांत माझ्यातून हूं की चूं निघालेलं नाही. सध्या माझ्या डोक्यावर लिंबाच्या लोणच्याची बरणी आहे आणि बरणीखाली जुन्या ब्लाउजपीसचा तुकडा. थाट म्हणाल तर एवढाच.

शिक्षण माझं बेताचं. अंगभर इंग्रजी छापलंय, पण त्यातलं चालू आणि बंद तेवढं मला समजतं. तरी तुमच्यापेक्षा मी शहाणा, कारण मला स्वतःविषयी एक गोष्ट ठाऊक आहे. मला आवाज नाही. मी नुसता जोर लावतो. आवाज निघतो खोक्यांतून, म्हणजे स्पीकरमधून. त्या ठोकळ्यांवाचून मी मुका आणि माझ्यावाचून ते बिनकामाचं फर्निचर. एवढी साधी गोष्ट एका खात्यापित्या घराला कळली नाही, म्हणून ही बरणी.

जन्म माझा समुद्रापलीकडचा. पहिला मालक संभाजीनगरचा डॉक्टर. त्याला नवं काहीतरी हवं झालं आणि मी जुन्या जालन्यातल्या एका दुकानाच्या फळीवर आलो. तिथं बसून मी गिऱ्हाइकं बघितली. माणसं रिसिव्हर कसा घेतात, सांगू? आधी पुढचे दिवे बघतात. मग पुठ्ठ्याच्या वेष्टनावर छापलेला वॅटचा आकडा बघतात आणि तो खरा मानतात. घरी स्पीकर कोणते आहेत, असं दुकानदारानं विचारलं तर असे दचकतात, जसा काही त्यानं सातबारा मागितला. हसू नका, तुम्हीही त्यातलेच.

रामराव तेवढा निराळा म्हातारा. वाटूरचा शेतकरी. परतूरला बंद पडलेल्या एका व्हिडिओ सेंटरमधली कमरेएवढी दोन खोकी त्यानं आधीच घरी आणून ठेवली होती. दुकानात आला तो खिशातून चिठ्ठी काढतच. खोक्याच्या पाठीवर जे लिहिलं होतं ते त्यानं चित्र काढावं तसं उतरवून आणलं होतं.

दुकानदारानं वाचलं. "चार ओहम."

"म्हंजे काय?"

"काका, विहिरीवर मोटार हाय ना? मंग ओहम म्हंजे पाइपाचं तोंड समजा. आकडा ल्हान तर तोंड मोठं. चार ओहमची खोकी लई ओढत्यात. कमजोर मोटार जोडली का तापून बंद पडती."

"आसं सांग ना. मंग दिवे नको दाखवू मला. चार ओहमला दिवसभर दम धरील आसा डबा काढ."

दुकानदारानं फुंकर मारून मला खाली घेतलं. माझ्या पाठीवर छापलंय, चार ते सोळा. म्हाताऱ्यानं त्या चारवर बोट ठेवलं आणि चिठ्ठीशी ताडून बघितलं. माझ्या उभ्या आयुष्यात पुढून न बघता मागून बघणारा हा एकच माणूस.

रामरावला दोन मुलं. थोरला सर्जेराव, धाकटा भुजंग. बैठकीत माझी आणि खोक्यांची जोडणी झाली आणि मी माझे उद्योग सुरू केले. सर्जेरावची बायको बेबीनंदा मालिका बघत बसायची. त्यातली सून रडायला आली की मी नेमका खर्रर्र करायचो. वायर ढिली झाली म्हणून भुजंग पालथा पडून अर्धा अर्धा तास वायरी चाचपायचा. वायर धडधाकट होती. मला आपली गंमत वाटायची.

म्हातारा गेला आणि वर्षाच्या आत वाटणी निघाली. भावकीतला माऊली पंच म्हणून बसला. हा माणूस पंगतीत पापडसुद्धा मोजून वाढतो. भांडी झाली. म्हशी दोनच होत्या, सोपं गेलं. मग स्वारी माझ्यापुढं आली.

"नग तीन," माऊली म्हणाला. "डबा एक, खोकी दोन. डबा भारी म्हणून थोरल्याला. खोकी दोन म्हणून धाकट्याला. बराबर?"

"बराबर," सर्जेराव म्हणाला.

"बिलकुल बराबर," भुजंग म्हणाला.

भुजंगची मुलगी शालू चहा घेऊन उभी होती. ती म्हणाली, "माऊली काका, सायकल बी आशीच वाटा. शीट त्यांना, चाकं आमाला."

"तू गप बस!" दोघं भाऊ एकदम ओरडले. त्यांचं ते शेवटचं एकमत. पुढच्या आठवड्यात बैठकीच्या मधोमध भिंत उभी राहिली. अलीकडं मी, पलीकडं माझी खोकी.

एक सांगतो. त्यातल्या कुणी एकानं "दोन्ही तू ठेव नाहीतर मला दे, डबा-खोकी एका घरी राहू दे" म्हटलं असतं तर भागलं असतं. पण तसं म्हणायला ज्याचं तोंड उघडेल तो हरला, असं दोघांनाही वाटत होतं. मग सर्जेरावनं मला बारदानात घातलं आणि माझ्याजोगे स्पीकर घ्यायला जुन्या जालन्यात आणलं. त्याच दुकानात. आता गल्ल्यावर दुकानदाराचा मुलगा मिथुन बसतो. आम्ही जाऊन टेकतोय तोवर दारातून कोण आलं? भुजंग! खोक्यांजोगा डबा घ्यायला.

दोघांनी एकमेकांकडं बघितलं आणि दोघंही पंख्याकडं बघायला लागले.

"तुमचे स्पीकर किती ओहमचे?" मिथुननं भुजंगला विचारलं.

"काळे हायेत."

"आवो, किती ओहमचे?"

"हे इथपर्यंत येत्यात." भुजंगनं कमरेला हात लावला.

"पाठीवर लिहिलेलं आसतंय, दादा."

"पाठ भिताडाला हाय त्यांची. कोण सरकवतंय? तू सगळ्यात जास्ती वॅटचा डबा दे, जल्दी."

मी सर्जेरावच्या मांडीवर होतो. जोडणी करताना बापानं त्याला सांगितलेला 'चार' हा शब्द त्याच्या घशापर्यंत आला. मला जाणवला. एक शब्द, तोही दोन अक्षरांचा. त्यानं तो गिळला आणि मिशीवरून हात फिरवला. मला तर गुदगुल्या झाल्या, खरं सांगतो. होऊ दे फजिती! भुजंग निळ्या दिव्यांचा, हजार वॅटचा डबा काखोटीला मारून गेला. त्याच्या पाठीवर आठ ओहम छापलेलं होतं, ते कुणी बघितलं नाही. सर्जेरावनंही माझ्यासाठी हट्टानं तळहाताएवढे दोन स्पीकर घेतले. "ह्यांना हा डबा झेपायचा न्हाई," असं मिथुननं दोनदा सांगितलं होतं. ते मी पहिल्याच दिवशी दुसऱ्या गाण्याला फाडले. मग बरणी आली.

पलीकडं तो निळ्या दिव्यांचा शहाणा रोज दोन गाणी म्हणायचा आणि तापून निजायचा. भुजंग त्याच्या टाळक्यात थापा मारायचा, ते मला भिंतीतून ऐकू यायचं. इतकं सुख मला गाण्यानंही दिलं नव्हतं.

आता या हिवाळ्यात शालूचं लग्न ठरलं. मुलगा घनसावंगीचा. हळद घरीच. भुजंगनं व्याह्यांपुढं छाती पुढं काढून सांगितलं, "साउंड भाड्यानं आणायचा न्हाई, घरचा हाय."

आणि भावाला बोलावणं कसं केलं? भावकीत पत्रिका घेऊन दारात यायचं असतं, कुंकू लावायचं असतं, अक्षता हातावर ठेवायच्या असतात. भुजंगनं पत्रिका मोबाईलवर पाठवली, मधे एक भिंत असताना. सर्जेरावनं फोन पालथा घातला. "आपुन जायचं न्हाई," तो बेबीनंदाला म्हणाला. तिनं आठ दिवसांपूर्वीच पिवळं लुगडं काढून उशाला ठेवलं होतं. तिनं बरणी माझ्या डोक्यावर अशी आपटली की माझे स्क्रू हलले. या शालूला तिनं अंगाखांद्यावर खेळवलंय. तिला स्वतःचं मूल नाही.

हळदीचा दिवस उजाडला. दुपारी पलीकडं गाणं सुरू झालं. एक झालं. दुसरं झालं. तिसऱ्याच्या मध्यात निळा शहाणा निजला. पुन्हा उठवला, पुन्हा निजला. घनसावंगीच्या पाहुण्यांचं हसू भिंतीतून आलं. मीही हसलो.

तेवढ्यात शालू दारात आली. कपाळाला मुंडावळ्या बांधायच्या बाकी, हाताला मेंदी.

"मोठे बाबा, तुमचा डबा पायजे. मी आत्ता पाठ वाचली. आमची खोकी चारची, डबा आठचा."

"तुझ्या बापाला कळलं न्हाई का घेताना?"

"त्येंना न्हाई कळलं. तुमी तर दुकानातच व्हते ना?"

सर्जेरावनं टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "ज्याला डबा पायजे त्यानं ह्या दारात यावं. जा, सांग."

शालू गेली. बेबीनंदानं न सांगता बरणी उचलली आणि मला पदरानं पुसलं. माझी छाती फुगली. बघा म्हटलं, अख्खं लग्न माझ्यावाचून अडलंय! नवरा, नवरी, पाहुणे, सगळे वाट बघतात ती माझी. वाचकहो, तुम्हालाही शेवटचं सांगून ठेवतो. घ्यायच्या आधी पाठ वाचत जा, डब्याची आणि खोक्याची. नाही वाचलीत तर मला आनंदच आहे. पण मग पाहुण्यांदेखत त्याच्या टाळक्यात थापा मारू नका, फार ओशाळवाणं दिसतं.

भुजंग आला. उंबऱ्याबाहेरच थांबला.

सर्जेराव याच घडीसाठी दोन वर्षं टपून बसला होता. "या! डब्यासाठी सापडलं व्हय दार? पत्रिकेला न्हाई सापडलं ते. आता आसं कर, मोबाईलवरच मागव की डबा. मी बी त्याच्यावरूनच धाडून देतो."

भुजंगनं माझ्याकडं ढुंकूनही बघितलं नाही.

"डबा ठेव तुझ्या डोक्यावर. गाण्यासाठी कुणीबी आडलं न्हाई. हळद कवाची कालवून ठिवलीय. चार सवाष्णी ताटाभवती बसल्यात, आन् एकबी बोट बुडवून न्हाई राह्यली. म्हणत्यात, पयलं बोट मोठ्या जावंचं. वहिनीला धाडतो का पोरीला तशीच पाटावरून उठवू?"