भागाबाईची घडी

माझं काम काय, हे मी उधन्यात, म्हणजे सुरतेतल्या आमच्या वस्तीत, कुणाला सांगत बसत नाही. सांगितलं की लोक म्हणतात, म्हणजे दिवसभर मोबाइलवर गेम खेळतेस होय, आणि माझं डोकं सणकतं. मी खेळत नाही. आमच्या ऑफिसात मारामारीचा एक गेम बनतो, 'अखाडो' नावाचा. त्यातल्या कुठल्या लढवय्याने किती जोरात मारावं, कुठली चाल त्याच्याकडे ठेवावी आणि कुठली काढून घ्यावी, हे मी ठरवते. नवा भाग निघाला की जुने लढवय्ये जसेच्या तसे ठेवता येत नाहीत. जो फार जिंकतो त्याचे पंख छाटायचे, जो नुसता मार खातो त्याला काहीतरी द्यायचं. हे केलं की शिव्या येतात, नाही केलं तरी येतात. निम्मा पगार मला शिव्या खाण्याचाच मिळतो.

भागाबाई माझी. पहिल्या भागाच्या वेळी विकासभाईंनी, म्हणजे आमच्या मालकांनी, सगळ्यांना एकेक लढवय्या आणायला सांगितला होता. बाकीच्यांनी पैलवान आणले, तलवारवाले आणले. मी माझी माय आणली. भागीरथी तिचं नाव, धुळ्याकडची, लग्न करून सुरतेत आलेली. तिने सारी उमर कापड मार्केटातल्या एका दुकानात साड्यांच्या घड्या घातल्या. साडी हवेत झटकायची, मधोमध पकडायची, कोपरावर दुमडायची, गुडघ्याखाली दाबायची, की ती पुठ्ठ्याएवढी होऊन शेजारच्या थप्पीवर. शाळा सुटली की मी दुकानात जाऊन बसायचे आणि तिचे हात बघत राहायचे.

गेममधली भागाबाई पातळ नेसते, केसांचा घट्ट अंबाडा घालते आणि अंगाने किरकोळ आहे. पण समोरच्याने हात उगारला की ती तो मनगटाशी पकडते, कोपरात दुमडते, गुडघा मारून कमरेत वाकवते आणि त्या दांडगटाला व्यवस्थित चौकोनी करून बाजूला ठेवते. या चालीचं नाव घडी. पोरं वेडी झाली. आमच्या गल्लीतली टारगट मुलंसुद्धा मायला बघून म्हणायची, मावशी, घडी नका घालू हं. माय वरवर रागवायची आणि आत जाऊन हसायची.

मग तक्रारी सुरू झाल्या. ही बाई कुणाला जिंकूच देत नाही, हिला आवरा. आकडे बघितले तर तक्रार खरी होती. दुसऱ्या भागात मी घडी कमी केली. हाताचा वार पकडता यायचा, लाथ पकडता यायची नाही, आणि घडी चुकली तर भागाबाई क्षणभर तोल जाऊन उभी राहायची. तरी ती जिंकतच राहिली. तिसऱ्या भागाचं काम सुरू झालं तेव्हा मला कळून चुकलं होतं की घडी काढावीच लागणार. ती असेपर्यंत पोरं दुसरी कुठली चाल वापरणार नव्हती.

याच दरम्यान मायचे हात कापायला लागले. आधी उजवा, मग दोन्ही. डॉक्टर म्हणाले कंपवात आहे, गोळ्यांनी आटोक्यात राहील, बरा होणार नाही. दुकानात शेठने तिला जवळ बसवून चहा पाजला आणि म्हणाले, "भागीबेन, हवे तमे घेर बेसो." उद्यापासून कामावर येऊ नका, असं त्या मार्केटात कुणी तोंडाने म्हणत नाही. आता घरी बसा, म्हणतात. बसवलं म्हटलं की सगळ्यांना कळतं. माय चहा पिऊन घरी आली आणि त्या दिवसापासून दुकानाचं नाव तिने काढलं नाही.

वडील गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. मी तिची काळजी घेते, आणि नीट घेते. डॉक्टर सांभाळा म्हणाले त्याच दिवशी मी विळी माळ्यावर टाकली. मग गॅस बंद केला. सकाळी मी स्वयंपाक करून जाते, दुपारी तिने डबा उघडायचा आणि जेवायचं. उकळता चहा नको म्हणून थर्मास आणला. जिन्यावरून एकटीने उतरायचं नाही असं बजावलं. सुईदोरा उचलून ठेवला. ती काही बोलायची नाही. मीही विचारलं नाही, कारण विचारायचं काय त्यात, असं मला वाटायचं.

परवा सकाळी मी भाजी फोडणीला टाकत होते तेव्हा विकासभाईंचा फोन आला. तिसऱ्या भागाची तारीख जवळ आली होती. भागाबाईचं काय करायचं, ते विचारत होते. आम्ही गुजरातीतच बोलतो. मी म्हटलं, "घडी काढी नाखीए. पछी भागाबाईने बेसाडवी पडशे." घडी काढून टाकू, मग भागाबाईला बसवावं लागेल. आमच्या कामात बसवणं म्हणजे नव्या भागात नीट बेतून घेणं, जसं कुणी नाटक बसवतं तसं. ऑफिसात आम्ही दिवसातून दहादा हा शब्द वापरतो. माय मागे पाटावर बसून लसूण सोलत होती. तेवढं एक काम मी तिच्याकडे ठेवलं होतं. तिने लसूण खाली ठेवला, ते मी बघितलं. हात दुखले असतील असं वाटलं.

दुपारी ऑफिसात खालच्या मजल्यावरून निरोप आला की तुमच्या मम्मी आल्यात. माझा विश्वास बसेना. उधन्याहून आमचं ऑफिस लांब, मध्ये रिक्षा बदलावी लागते, आणि आमच्या इमारतीची लिफ्ट बंद होती. मी धावत गेले तोवर ती वर पोचली होती. विकासभाईंच्या टेबलासमोर उभी होती, कुणी खुर्ची दिली होती तरी बसली नव्हती. ठेवणीतली साडी नेसून आली होती. दोन्ही हात पदराखाली धरले होते, पण पदरच हलत होता.

ती त्यांना गुजरातीत सांगत होती, शेठशी बोलावं तशी, मान खाली घालून. "साहेब, एने घेर ना बेसाडशो. हाथ तो मारा कांपे छे. एना नथी कांपता."

तिला घरी बसवू नका. हात माझे कापतात. तिचे नाही कापत.

विकासभाईंना काही उमगेना. ते माझ्याकडे बघायला लागले. मला सगळं एका क्षणात कळलं. मायच्या डोक्यात असं बसलं होतं की भागाबाई म्हणजे तीच, तिच्या हातांची बातमी ऑफिसात लागली, आणि आता तिच्यापायी भागाबाईचीही नोकरी चालली. ती स्वतःसाठी आली नव्हती. दुकानातून तिला बसवलं तेव्हा ती एक शब्द बोलली नव्हती, आणि इथे एका चित्रातल्या बाईसाठी जिने चढून आली होती.

मला तिची दया यायला हवी होती. मला राग आला. तिला धरून खाली आणलं, रिक्षात बसवलं, आणि सगळ्या रस्त्याने मी तिला बोल लावत आले. एकटी कशी निघालीस, पडली असतीस तर, रिक्षावाल्याने भलतीकडे सोडलं असतं तर. ती बाहेर बघत राहिली. घरी आल्यावर मी पाणी दिलं आणि बसवणं म्हणजे काय ते तिला समजावून सांगितलं. भागाबाईला कुणी काढत नाही, माय. फक्त तिची घडी काढतोय. ती फार जिंकते ना, म्हणून.

"आकडा देखात?" मायने तिच्या अहिराणीत विचारलं.

"हो. सगळे बघितले."

"मंग काढ. बराबर शे." तिने पाणी प्यायलं, थोडं गळ्यावर सांडलं, ते पदराने पुसलं. "पोरेस्ले बी जिकू दे. एकलीच कितला दिन जिकी ती."

मला हायसं वाटलं. प्रश्न मिटला असं समजून मी उठायला लागले, तशी ती म्हणाली, "योगे, आते मनं सांग."

"तुझं काय?"

"तठे ती जिकनी म्हनीसन तिनी चाल काढी. आठे मी कव्हय हारनू?"

तिथे ती जिंकली म्हणून तिची चाल काढली, इथे मी कधी हरले? मला आधी समजलंच नाही. मग तिने एकेक सांगायला सुरुवात केली. आवाज चढवला नाही. विळी काढलीस, मी कुठे बोट कापलं होतं? गॅस काढलास, मी कुठे दूध उतू घालवलं? जिना बंद केलास, आज चढून दाखवला ना. हात कापतात हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. पण कापत्या हातांनी काय जमतं आणि काय नाही, हे तिला कुणी बघूच दिलं नव्हतं. शेठने निदान आधी तिला काम करताना बघितलं होतं, म्हणाली.

हे शेवटचं मला फार लागलं. मी म्हटलं, मी शेठ आहे का? मी तुझ्यासाठीच करते सगळं. तुला काही झालं तर माझं कोण आहे? 

"माले हारू दे," माय म्हणाली. "मंग काढ."

"आणि भाजलं तर?"

"चटका बसना त बसू दे. हात मना शे."

संध्याकाळी ती स्वयंपाकघरात गेली. मी गॅस चालू करून दिला, पीठ काढून दिलं आणि दारात उभी राहिले. तिने मान वळवून बघितलं. मीच बाहेर आले. खाटेवर बसून लॅपटॉप उघडला, कारण त्या दिवशीचं काम तसंच राहिलं होतं. भागाबाईची घडी मी तेव्हाच काढली. हात पकडणं काढलं, दुमडणं काढलं, बाजूला ठेवणं काढलं. मनावर दगड वगैरे ठेवावा लागला नाही. ते योग्यच होतं. आता नुसता पदर सावरून उभी असलेली ती बाई पडद्यावर माझ्याकडे बघत होती, आणि तिला काय द्यायचं ते मला सुचत नव्हतं.

आत परात पडली. मोठा आवाज झाला. मी उठले, दारापर्यंत गेले, आणि परत येऊन खाटेवर बसले. खाटेची कड दोन्ही हातांनी धरून ठेवली. आतून काहीच ऐकू येईना. मी हाक मारणार होते. तोंडापर्यंत आलेली हाक मी गिळली, आणि आयुष्यात मला इतकं अवघड दुसरं काही गेलं नसेल. मग केव्हातरी भाकरी थापल्याचा आवाज आला. एक थाप, मग थांबणं, मग दुसरी. पूर्वी तिच्या थापा एका दमात व्हायच्या. आता प्रत्येक थापेनंतर वाटायचं की ही शेवटची. मी रडत होते, आणि ऐकत होते.

"जेवाले ये," तिने आतून हाक मारली.

ओट्यावर, फरशीवर, तिच्या कोपरापर्यंत पीठ होतं. उजव्या हाताच्या मागे लाल चट्टा उठला होता. मी तो बघितला, आणि मी बघितला हे तिने बघितलं. पहिली भाकरी एका बाजूने करपली होती, काठाशी फाटली होती. ती मी घ्यायला हात पुढे केला तर तिने स्वतःच्या ताटात ओढून घेतली.

"थांब," ती म्हणाली. "तुले दुसरी देस."

मी ताट घेऊन तिच्यासमोर बसले. दुसरी व्हायला खूप वेळ लागला.