गवताचे पैसे

नोव्हेंबरातलं धुकं, पायाखाली चिखल. डोंगरावरून भरकटलेल्या मेंढ्या मेळ्यात आणून ज्याच्या त्याला परत देणं चाललं होतं. कानाची खूण आणि पाठीवरचा रंग पाहून जो तो आपलं जनावर नेत होता. विल्फ माउन्सीच्या निळ्या पट्ट्याची मेंढी निघाली, पण तिची दोरी हिल्डाच्या हातात होती. दोन वर्षांपूर्वीपर्यंत हिल्डा त्याची बायको होती.

"महिनाभर आमच्या बाच्या गोठ्यात होती," ती म्हणाली. "धर."

विल्फची मान वर होईना. पोरीचे, टिलीचे पोटगीचे पैसे तो आधी दर शुक्रवारी हिल्डाच्या दारात नेऊन द्यायचा. गुत्त्यात कुणी हसलं, "काय रं, हप्ता भरून आलास?" तो पेटला आणि द्यायचंच थांबवलं. वर हिल्डाला म्हणाला, "जा पोटगीच्या सरकारी ऑफिसात, तेच वसूल करतील!" आता ऑफिस त्याच्या पगारातून कापून घ्यायचं. मालकाला कागद गेला आणि गावभर झालं. वसुलीचा खर्च म्हणून ऑफिस पाचवा हिस्सा त्याच्याकडून वरचा घ्यायचं, आणि टिलीच्या शंभर पौंडांतलेही चार जायचे. मधे पैसे थांबले तेव्हाच टिलीनं बँडची शिकवणी सोडली, भाड्याचं बिगूल परत केलं.

हे आठवलं आणि त्याचा हात खिशात गेला.

"गवताचे किती झाले?"

आजूबाजूच्यांनी माना वळवल्या. म्हातारा जॉस थुंकला.

"डोक्यावर पडलास काय रं विल्फ? चुकलं जनावर घरी पोचवायचे पैसे ह्या खोऱ्यात कुणी घेतलेत कधी?"

"घेतात की, जॉसकाका," हिल्डा म्हणाली. "लेकरू असलं की घेतात. शंभरातले चार."

कुणी हसलं नाही. विल्फचे कान लाल झाले.

"हिल्डा, ऑफिसला नको म्हणून कळव. दर शुक्रवारी मी हातानं आणून देईन. सगळ्यांदेखत सांगतो."

"हातानंच देत होतास की."

"तेव्हा चुकलो."

"असंल. ते चार पौंड मला जड जातात, विल्फ. पर शुक्रवारी तुझी वाट बघत खिडकीत उभी राहिलेली टिली मला त्याहून जड जाते. ऑफिसचे निदान येतात तरी."

तिनं दोरी त्याच्या हातात दिली. तिच्या गवतावर मेंढी चांगली गुबगुबीत झाली होती. ती हिल्डाच्या मागं वळली. विल्फला ती चिखलातून ओढतच न्यावी लागली, सगळ्यांदेखत.